तुरीच्या दाण्याएवढी जागा

अकोला जिल्ह्यातल्या बाळापुरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा हात कापायला लागला की निदान आधी ओट्यावर होतं, दवाखान्यात नंतर. "वय झालं आता, हात कापनारच," असं एक जण म्हणतो. दुसरा वाताचं सांगतो, तिसऱ्याला लकव्याची सुरुवात दिसते. मध्येच एका बाजूचा खांदा धरतो, तेव्हा त्याला तेल लागतं, शेक लागतो. वर्ष-दोन वर्षं अशीच जातात. कुणाचा चहाचा कप बशीवर वाजू लागतो. कुणाची सही इतकी बारीक होते की बँकेत ती जुळतच नाही. मग कुठे मुलगा अकोल्याची वाट धरतो. तोवर गावात कुणीतरी मोबाइलवर पाहिलेलं असतं, की मुंबईला डोक्यात तार टाकतात आणि हात जागच्या जागी थांबतो.

ती गोष्ट खरी आहे. तार टाकतात, आणि ज्यांच्यासाठी ती योग्य आहे त्यांचा हात खरोखर थांबतो. पण या शस्त्रक्रियेबद्दल लिहिताना बहुतेक जण त्या एका क्षणावरच रेंगाळतात. त्या क्षणाच्या अलीकडे बरंच काही आहे, पलीकडे तर त्याहून जास्त आहे. बाळापूरसारख्या गावातून जाणाऱ्या रुग्णाचं बरं-वाईट त्या अलीकडच्या-पलीकडच्या भागातच ठरतं.

आधी हात का कापतो ते पाहू. कपाचं वाजणं आणि सहीचं बारीक होणं या एकाच आजाराच्या तक्रारी वाटतात, पण बहुधा त्या दोन वेगळ्या आजारांच्या असतात. हात मांडीवर निवांत ठेवला असताना अंगठा आणि तर्जनी जणू गोळी वळत राहतात, काम करायला हात उचलला की कंप कमी होतो, चालताना एक हात हलत नाही, हालचाल मंदावते, अक्षर आक्रसतं, हे पार्किन्सनचं लक्षण. तो बहुतेक वेळा एका बाजूनं सुरू होतो, आणि धरलेला खांदा हीसुद्धा कधी कधी त्याचीच पहिली खूण असते. उलट हात निवांत असताना काहीच नाही, पण कप उचलला, सुईत दोरा ओवायला घेतला, पाण्याचा गडू तोंडाशी नेला की कापरं भरतं, अक्षर बारीक न होता वेडंवाकडं होतं, वडिलांना किंवा आत्याला हेच होतं, असं असेल तर तो 'इसेन्शियल ट्रेमर' असण्याची शक्यता मोठी. हा पार्किन्सनपेक्षा कितीतरी जास्त लोकांना असतो. बाळापूर एकेकाळी सतरंज्या आणि पागोट्यांच्या विणकामासाठी ओळखलं जाई. अशा हातकाम करणाऱ्याला दुसऱ्या प्रकारचा कंप पहिल्यापेक्षा लवकर नडतो, कारण तो नेमका कामाच्या वेळीच उठतो.

तिसरं कारण आपल्याकडे फार आढळतं आणि त्याची चर्चा फार कमी होते. ते म्हणजे औषधं. गॅस आणि ॲसिडिटीसाठी दिल्या जाणाऱ्या कित्येक कॅप्सुलांमध्ये लेव्होसल्पिराइड नावाचं औषध मिसळलेलं असतं. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन दिलं जातं. ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतात. महिनोन् महिने घेतली, विशेषतः उतारवयात, की हुबेहूब पार्किन्सनसारखं चित्र उभं राहतं: मंद चाल, ताठ अंग, कापणारा हात. चिठ्ठी एकदाच लिहिलेली असते, पण गोळी मेडिकलमधून वर्षभर येत राहते. ती बंद केली की बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतार पडतो. अशा माणसाच्या डोक्यात तार टाकणं हा शुद्ध अपराध ठरेल. म्हणून माझ्या मते या शस्त्रक्रियेच्या तयारीतली पहिली वस्तू एमआरआय नव्हेच. घरातल्या सगळ्या गोळ्या भरलेली पिशवी ती पहिली वस्तू.

पार्किन्सन किती लोकांना होतो याची आपल्या राज्यातली एक जुनी आणि नावाजलेली मोजणी मुंबईच्या पारशी वस्तीतली आहे. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन तपासणी केली आणि १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: लाखामागे ३२८. पारशी समाजात वृद्धांचं प्रमाण मोठं, त्यामुळे हा आकडा चढा आहे. पण आपलंही सरासरी आयुष्य वाढतंय, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता डोपामिनबद्दल. मेंदूच्या मुळाशी, खोल आत, काळसर पेशींचा एक पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि हालचाली सुरळीत चालण्यासाठी ते पुढच्या केंद्रांना पुरवतात. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरतात. हात कापायला लागतो तोवर त्यांचा मोठा हिस्सा संपलेला असतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सननं १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आयुर्वेदातला कंपवात त्याहून जुना, आणि त्यावरच्या औषधांत कपिकच्छू, म्हणजे आपली खाजकुहिली. वऱ्हाडात धुऱ्याकाठच्या झुडपांवर चढलेली तिची मखमली शेंग ज्यानं लहानपणी चुकून हातात घेतली असेल तो तिला जन्मात विसरणार नाही. या शेंगेच्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी १९३७ मध्ये लेव्होडोपा वेगळं काढलं. आज पार्किन्सनचं जगभरचं मुख्य औषध तेच आहे. त्या वेळी मात्र त्याचा उपयोग कुणाला सुचला नव्हता.

उपयोग सुचला तोही आपल्याच दुसऱ्या एका वनस्पतीमुळे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. पुढे सर्पगंधेतून रिसर्पिन वेगळं झालं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये ते सशांना टोचलं. ससे कान पाडून दगडासारखे निश्चल बसले. मग त्यांना लेव्होडोपा, म्हणजे ज्याचं मेंदूत डोपामिन बनतं ते द्रव्य, दिलं आणि ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. मेंदूत डोपामिन संपलं की हालचाल थांबते हे त्यातून दिसलं, आणि २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळालं. माणसांत मोठ्या मात्रेतलं लेव्होडोपा यशस्वी झालं ते १९६७ च्या सुमारास, जॉर्ज कोत्झियास यांच्या हातून. (म्हणून कुणी घरच्या घरी खाजकुहिलीचं चूर्ण सुरू करू नये. बियांत औषधाचं प्रमाण कमी-जास्त असतं, आणि आधीच सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपाची गोळी, चालू असेल तर दोन्ही मिळून मात्रा कुठच्या कुठे जाते.)

पहिली काही वर्षं लेव्होडोपा जादू करतं. मग त्याची चाल बिघडते. गोळी घेतल्यावर चार तास बरं वाटायचं, ते तीनवर येतं, मग दोनवर. डॉक्टर ज्याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात त्या दोन माणसांत एकच माणूस दिवसभर ये-जा करू लागतो. सकाळी खाटेवरून उठवावं लागतं, अकराला तोच चौकात जाऊन येतो, एक वाजता पुन्हा उंबऱ्यात पाय चिकटतात. औषध शिगेला असताना अंग नको तसं वळवळतं. वरण, दूध, अंडी यांतली प्रथिनं औषधाच्या शोषणात आडवी येतात, त्यामुळे जेवणाबरोबर घेतलेली गोळी कधी लागूच पडत नाही. ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी, एवढ्या एका बदलानंही काहींची शस्त्रक्रिया पुढे जाऊ शकते. ही गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतात, पण ओपीडीतल्या गर्दीत ती पाच मिनिटंच मिळत नाहीत.

औषध असं चाल सोडू लागलं की शस्त्रक्रियेचा विचार येतो.

मेंदूत खोलवर जाऊन कंप थांबवण्याची धडपड लेव्होडोपापेक्षा जुनी आहे. कवटी मोठी उघडून मेंदूचे भाग कापण्याचे सुरुवातीचे प्रयोग भीषण होते. कंप जायचा आणि अर्धांग यायचं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग कूपर यांच्या हातून एका रुग्णाच्या मेंदूतली एक लहान धमनी फाटली. त्यांनी ती चिमट्यानं बंद केली आणि शस्त्रक्रिया अर्धवट सोडली. रुग्ण शुद्धीवर आला तर कंप नाही, ताठरपणा नाही, आणि लुळेपणाही नाही. त्या धमनीच्या रक्तावर जगणारा मेंदूचा चिमूटभर भाग मेला होता, आणि नेमका तोच मरायला हवा होता. हा योगायोग फार बोलका आहे. किती कापलं याला महत्त्व नव्हतं, कुठे कापलं यालाच होतं.

'कुठे' याचं उत्तर मोजमापात होतं. स्पीगल आणि वायसिस यांनी १९४७ मध्ये माणसाच्या डोक्याला बसवायची चौकट तयार केली, आणि दोनच वर्षांनी स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांची आली. डोक्याभोवती धातूची चौकट घट्ट बसवायची, तिच्यावरच्या तीन मापांनी मेंदूतला कोणताही बिंदू ठरवायचा, आणि छोट्या भोकातून सळई तेवढ्याच खोलीवर न्यायची. याला स्टिरिओटॅक्टिक शस्त्रक्रिया म्हणतात. भारतही त्यात मागे नव्हता. बंगळुरूच्या डॉ. आर. एम. वर्मा यांनी तर कवटीला भोकच पाडलं नाही. गालातून सुई घालून, कवटीच्या तळाला निसर्गतःच असलेल्या एका छिद्रातून ती वर मेंदूत नेण्याची पद्धत त्यांनी वापरली. मद्रासला डॉ. बी. राममूर्ती, डॉ. व्ही. बालसुब्रमण्यम आणि भारतातल्या पहिल्या महिला न्यूरोसर्जन डॉ. टी. एस. कनका यांनी अशा शस्त्रक्रियांची मोठी परंपरा उभी केली. मग लेव्होडोपा आलं आणि जगभर या चौकटी कपाटात गेल्या.

त्या पुन्हा बाहेर निघाल्या त्यामागे एक विचित्र घटना होती. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी पुतळ्यासारखे थिजून रुग्णालयात आले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी हे रसायन उतरलं होतं. त्यानं काळसर पट्ट्यातल्या पेशी वेचून मारल्या होत्या. तेच रसायन माकडांना देऊन संशोधकांना पार्किन्सनचा अभ्यास करता आला. त्यात मेंदूतलं एक छोटं केंद्र अतिउत्तेजित झालेलं सापडलं: सबथॅलॅमिक न्यूक्लियस. १९९० मध्ये महलॉन डिलाँग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे केंद्र निकामी केलं की माकड पुन्हा हालचाल करतं. आता वऱ्हाडासाठी एक आडवळण. एमपीटीपीचं शरीरात जे विष बनतं त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. पॅराक्वाटशी संपर्क आणि पार्किन्सन यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. त्यावरून प्रत्येक रुग्णाचं कारण फवारणीच, असं म्हणता येत नाही. पण युरोपीय संघानं २००७ पासून हे तणनाशक बंद ठेवलं आहे, आणि आपल्या शेतांत पंप पाठीवर घेऊन उघड्या हातांनी ते मारलं जातं. एवढं कळल्यावर तरी हातमोजे आणि मास्क घालायला पुरावा आणखी किती लागावा?

आता ते सबथॅलॅमिक न्यूक्लियस केवढं असतं? तुरीच्या दाण्याएवढं. मेंदूत असे दोन दाणे असतात, उजवीकडे एक, डावीकडे एक, मधल्या रेषेपासून सव्वा सेंटिमीटरच्या आत-बाहेर. शेजारून हातापायांना हुकूम नेणारे तंतू जातात, डोळे फिरवणारी नस निघते. दोन मिलिमीटरची चूक झाली तर कंप थांबण्याऐवजी बोलणं अडखळतं किंवा एकाचे दोन दिसू लागतात.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आलिम-लुई बेनाबिद यांना १९८७ मध्ये एक गोष्ट दिसली. मेंदूतला बिंदू जाळण्याआधी सळईतून सौम्य वीज देऊन जागा तपासण्याची रीत होती. विजेची स्पंदनं सावकाश दिली तर कंप वाढायचा. सेकंदाला शंभराच्या आसपास दिली की थांबायचा, आणि वीज बंद केली की परत यायचा. मग जाळायचं कशाला? वीजच कायम चालू ठेवली तर? हृदयाच्या पेसमेकरचं तंत्र तयार होतंच. यातून डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस आजच्या रूपात आलं. १९९३ मध्ये बेनाबिद यांनी ते सबथॅलॅमिक न्यूक्लियसवर वापरलं. अमेरिकेत कंपासाठी १९९७ मध्ये आणि पार्किन्सनसाठी २००२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. महाराष्ट्रात त्याचं घर झालं मुंबईचं जसलोक रुग्णालय. तिथे डॉ. परेश दोशी यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ही शस्त्रक्रिया रुजवली, आणि देशभरातून रुग्ण तिथे येऊ लागले.

लोक विचारतात, "दुर्बिणीनं होते का?" नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जनला आतलं पडद्यावर दिसत असतं. इथे सर्जन ती जागा डोळ्यांनी कधीच पाहत नाही. भोकातून दिसतो तो फक्त मेंदूचा वरचा पृष्ठभाग. पुढचे सात-आठ सेंटिमीटर सगळं गणित आणि ऐकणं.

आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद असतात, त्यामुळे सकाळी रुग्ण पुरता ताठलेला असतो, आणि ते हवंच असतं. डोक्याची कातडी बधिर करून चौकट चार स्क्रूंनी बसवतात. सीटी स्कॅन काढून तो आधीच्या एमआरआयवर संगणकात जुळवतात आणि जागेची मापं काढतात. कपाळाच्या वर, केसांच्या रेषेमागे, साधारण चौदा मिलिमीटरचं भोक पाडतात. रुग्ण जागा असतो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. भोक पाडतानाचा घरघराट मात्र कवटीभर घुमतो, आणि रुग्णांना नंतर आठवतं ते बहुधा तेच. मग केसाहून बारीक टोकाची तार अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं आत जाते. पेशींची विद्युत खळबळ स्पीकरवर ऐकू येते. एका थरात शांतता, पुढच्या थरात एकदम दाट खरखर, म्हणजे केंद्र आलं. "मूठ उघडा, मिटा" म्हटलं की खरखरीचा ताल बदलतो. मग वीज देऊन पाहतात. हात सैल झाला का? तोंड ओढतंय का? आकडे म्हणा, गावाचं नाव सांगा, मुलांची नावं सांगा. इथे रुग्णाची भाषा समजणारा माणूस टेबलाशेजारी असावा. वऱ्हाडी माणसाचं बोलणं जड झालं आहे की त्याची बोलीच तशी आहे, हे ओळखता आलं पाहिजे.

जागा पक्की झाली की सव्वा मिलिमीटर जाडीची कायमची तार तिथे ठेवतात, दुसऱ्या बाजूलाही तेच करतात. मग भूल देऊन कानामागून गळ्याच्या कातडीखालून वायर आणतात आणि छातीवर, गळपट्टीच्या हाडाखाली, बॅटरी बसवतात. अलीकडे काही ठिकाणी पूर्ण भूल देऊन, टेबलावरच स्कॅन करत हे काम होतं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात एक-दोन, आणि यंत्राला जंतुसंसर्ग होण्याचा त्याहून थोडा जास्त. कवटीत छोटं भोक पडतं म्हणून ही छोटी शस्त्रक्रिया, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

वीज न ठेवता बिंदू जाळण्याची जुनी पद्धतही मेलेली नाही. २०१७ मध्ये बंगळुरूत एका वादकाच्या बोटांना फक्त गिटार वाजवतानाच पीळ पडायचा. टेबलावर त्याला गिटार वाजवायला देऊन डॉक्टरांनी मेंदूतला बिंदू उष्णतेनं निकामी केला, आणि बोटं तिथेच सुटली. कवटी न उघडता जाळण्याचे दोन मार्ग आहेत. गॅमा नाइफ हा लेक्सेल यांनी १९६८ मध्ये आणलेला किरणांचा मार्ग. भारतातला पहिला गॅमा नाइफ १९९७ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात सुरू झाला. गाठींसाठी तो मुख्यतः वापरतात, कंपावर त्याचा परिणाम दिसायला महिने लागतात. नवा मार्ग आहे केंद्रित अल्ट्रासाउंडचा. डोकं पूर्ण भादरून शिरस्त्राण चढवतात, त्यातल्या हजारावर स्रोतांचे ध्वनितरंग एका बिंदूवर एकवटतात, एमआरआय यंत्रात तापमान बघत बघत तो बिंदू शिजवला जातो. इसेन्शियल ट्रेमरसाठी अमेरिकेत २०१६ मध्ये याला मान्यता मिळाली, भारतातही हे यंत्र आलं आहे. टाका नाही, बॅटरी नाही, परत परत जाणं नाही. पण जे जळलं ते परत येत नाही, कवटीचं हाड विशिष्ट प्रकारचं असेल तर तरंग नीट पोचत नाहीत, आणि सहसा एका वेळी एकच बाजू करतात. खेड्यातल्या, एकट्या राहणाऱ्या, फक्त एका हाताच्या कंपानं हैराण झालेल्या माणसाला हाच मार्ग जास्त सोयीचा पडेल, असं मला वाटतं. पार्किन्सनच्या 'ऑन-ऑफ'साठी मात्र डीबीएसच.



आता पलीकडचा भाग. डीबीएस झाल्यावर रुग्ण घरी येतो तेव्हा उपचार संपलेला नसतो, सुरू व्हायचा असतो. सूज उतरायला काही आठवडे जातात, मग यंत्राचं प्रोग्रॅमिंग सुरू होतं. तारेच्या टोकाला अनेक संपर्कबिंदू असतात. कोणत्या बिंदूतून वीज द्यायची, किती, सेकंदाला किती वेळा (बहुधा १३०), प्रत्येक स्पंदन किती सूक्ष्म (सेकंदाच्या सोळा-सतरा हजाराव्या भागाएवढं), हे बाहेरून रिमोटनं ठरवतात. एकीकडे वीज वाढवायची, दुसरीकडे गोळ्या उतरवायच्या. पहिल्या सहा महिन्यांत यासाठी बऱ्याच खेपा होतात. गोळ्या घाईनं उतरवल्या तर माणूस उदास होतो, कशातच रस घेत नाही. कधी उलट, एकदम उधळ्या होतो. त्यामुळे मूड, पैसे आणि झोप यांच्यावर घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं. बोलणं पुटपुटल्यासारखं होणं आणि तोल जाणं या तक्रारी डीबीएसनं सहसा सुधारत नाहीत, कधी बोलणं अधिकच दबतं.

सुरत-नागपूर महामार्ग बाळापूरवरूनच जातो, आणि अकोल्याहून मुंबईला रात्रीच्या गाड्या आहेत. पण थरथरणाऱ्या, अर्धवट ताठलेल्या माणसाला रेल्वेच्या डब्यात चढवणं वर्षातून एकदा जमतं, महिन्यातून एकदा नाही. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत संपते आणि बदलण्यासाठी पुन्हा छाती उघडावी लागते. रिचार्ज होणारी पंधरा वर्षांच्या आसपास चालते, पण ती महाग, आणि नेमानं चार्ज करणारं घरात कुणीतरी हवं. सगळा खर्च दहा लाखांच्या आसपास जातो, रिचार्जच्या यंत्रात त्याहून पुष्कळ वर. २०२५ मध्ये अमेरिकेत मेंदूची स्पंदनं स्वतः ऐकून वीज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रालाही मान्यता मिळाली. तालुक्याच्या गावातल्या रुग्णाला याचा खरा फायदा, कारण खेपा कमी होतील. किंमत कधी उतरते ते बघायचं.

एक धोका मात्र आजच सांगितला पाहिजे, कारण तो मुंबईत नाही, गावातच आहे. डीबीएस बसवलेल्या माणसाला शॉर्टवेव्ह डायथर्मी कधीही देऊ नये. तिची ऊर्जा तारेत उतरून मेंदूतला टोकाजवळचा भाग भाजू शकते. असे जीवघेणे प्रसंग झाले आहेत. गुडघेदुखी, पाठदुखी, खांदेदुखी यांवर हे यंत्र अनेक छोट्या क्लिनिकांत असतं. दातांच्या किंवा इतर शस्त्रक्रियेआधी आणि एमआरआयआधीही डॉक्टरांना छातीतल्या यंत्राबद्दल सांगावंच लागतं.

मग ही शस्त्रक्रिया कुणासाठी? ज्याला लेव्होडोपाचा गुण येतो पण टिकत नाही, त्याच्यासाठी. एक ढोबळ कसोटी तज्ज्ञ वापरतात: दिवसाला पाच वेळा गोळी, किंवा दोन तास 'ऑफ', किंवा एक तास नकोशी वळवळ. ज्याला लेव्होडोपानं काहीच फरक पडत नाही, त्याला, फक्त कंप सोडला तर, डीबीएसनंही पडणार नाही. स्मृतिभ्रंश सुरू झालेला असेल तर ती करू नये. ती शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवणंही चूक. २००६ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या १५६ रुग्णांच्या अभ्यासात डीबीएस आणि औषध मिळून नुसत्या औषधापेक्षा सरस ठरलं. २०१३ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या २५१ रुग्णांच्या अभ्यासात तुलनेनं लवकर, पन्नाशीच्या आसपास, केलेल्यांचं आयुष्य जास्त सुधारलं. आपल्याकडे रुग्ण खाटेला खिळल्यावर शेत विकून मुंबई गाठतात. तोवर जिच्यासाठी शस्त्रक्रिया होती ती वेळ निघून गेलेली असते.

म्हणून बाळापूर, पातूर, तेल्हारा, कुठूनही निघणाऱ्याला एवढंच सांगणं. आधी अकोल्याच्या किंवा नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टकडे सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा आणि निदान पक्कं करून घ्या. दिवसात किती तास हालचाल मोकळी आणि किती तास बंद, याची आठवडाभराची नोंद वहीत करा. मुंबईतल्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीकडे आणि पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाकडे फोन करून ही शस्त्रक्रिया करून आलेल्यांशी बोला. आणि सर्जनला शस्त्रक्रियेबद्दल विचारण्याआधी चार प्रश्न विचारा: प्रोग्रॅमिंग कोण करणार, पहिल्या वर्षात किती खेपा लागतील, नागपूरकडे कुणी ते करू शकतं का, आणि बॅटरी संपली की तिचा खर्च किती. या चारांची सरळ उत्तरं जिथे मिळणार नाहीत, तिथे डोक्याला चौकट लावून घेऊ नका.